पडलेल्या केळीपासून रोपांच्या पिशव्या : 28 मे ते 17 ऑगस्टच्या नोंदी

28 मे

काल संध्याकाळच्या वादळात आमच्या बागेतले केळीचे साडेतीनशे खांब आडवे झाले. घड कापणीला यायला अजून तीन-चार आठवडे होते. असा न भरलेला माल व्यापारी उचलत नाही, आणि ढोरं तरी किती खाणार? जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये हे दर एक-दोन वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या नशिबी येतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला बहुवारिकांचा, म्हणजे छोटे रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचा (पॉलिमरचा) धडा आहे. त्यात स्टार्चचं नाव येतं आणि पुढे सरकतं. इकडे धाकटे दीर रोपवाटिका चालवतात आणि त्यांच्या काळ्या पिशव्यांचे तुकडे दरवर्षी वखराच्या पासेला गुंडाळून वर येतात. कच्च्या केळीत ताज्या गराच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पडलेल्या घडांतून तो काढून रोपांची पिशवी करता येते का, ते बघायचं ठरवलं. पुढे कुणी हे करणार असेल तर माझ्या चुका त्याला पुन्हा करायला लागू नयेत, म्हणून तारखेवार लिहिते आहे.

आज 12 किलो केळी सोलून मिक्सरमधून काढली. हाताला आणि सुरीला आधी तेल लावलं नाही, त्यामुळे बोटं चिकाने काळी झाली आणि अजून निघालेली नाहीत.

29 मे

पहिली खेप वाया. रात्रभर ठेवलेल्या पाण्याचा रंग चहासारखा झाला होता आणि तळाशी राखाडी, बुळबुळीत गाळ होता. वाळवल्यावर भरला 240 ग्रॅम.

कारणं दोन सापडली. पहिलं, मी घड निवडले नाहीत. उन्हात तापलेल्या फण्याही घेतल्या, आणि त्यातली काही केळी आतून पिकायला लागली होती. स्टार्च असेल तिथे आयोडीन काळं-निळं होतं, म्हणून मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं (30 रुपये) आणि प्रत्येक केळीची चकती कापून एकेक थेंब टाकून पाहिला. कडक हिरव्या केळीवर थेंब पसरायच्या आतच काळा-निळा झाला, जांभूळ चिरडल्यासारखा. पिवळसर केळीवर तो तपकिरीच राहिला, फक्त एक निळसर कडी उमटली. पिकताना केळीतली विकरं (एन्झाइम) स्टार्चची साखळी तोडून साखर करतात. खायला ते गोड लागतं, पण आपल्या कामाचा पॉलिमर त्यात उरत नाही.

दुसरं, काप केल्यावर लगेच पाण्यात टाकले नाहीत. हवा लागली की केळीचा गर काळा पडतो. ते थांबवायला आंबट हवं.

31 मे

दुसऱ्या खेपेला सासूबाई सोबत बसल्या. त्यांनी माझी पातेली बघितली आणि म्हणाल्या, "हे तर कुरडईच्या चिकाचं काम आहे. तू एका पाण्यात आटोपायला निघालीस."

खरंच तेच काम आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक बसवतात, वरचं पाणी ओततात, पुन्हा पाणी घालतात. त्यांच्या सांगण्यावरून केलेले बदल:

साल काढलेले काप थेट लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, 5 लिटरला 10 ग्रॅम. मिक्सरमध्ये गरापेक्षा दुप्पट पाणी, कारण केळीच्या गरात एक डिंकासारखा बुळबुळीतपणा असतो आणि घट्ट लगदा फडक्यातून उतरतच नाही. जुन्या सुती साडीचं फडकं वापरलं, ते दर किलोला धुतलं. रात्री नऊला बसवून पहाटे पाचला वरचं पाणी काढलं. दिवसा बसवायचं नाही. सध्या जळगावकडे पारा 43-44 च्या खाली येत नाही आणि दुपारी चार तासांत पाणी आंबून फसफसतं. मधल्या एका पातेल्याचं तसं झालं आणि ते ओतून द्यावं लागलं. तीन वेळा पाणी बदललं, मग तळाशी पांढरा घट्ट थर हाताला करकरीत लागला.

10 किलो केळीतून 680 ग्रॅम कोरडं स्टार्च मिळालं. वेळ: दोघींचे मिळून अकरा तास.

2 जून

पहिली फिल्म, म्हणजे पिशवीसाठीचा पातळ पापुद्रा. 10 ग्रॅम स्टार्च, 100 मिली पाणी, आणखी काही नाही. पातेल्यात सतत ढवळत शिजवलं. 70 अंशांच्या पुढे पांढरं पाणी अचानक पारदर्शक आणि जड झालं. कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या साखळ्या मोकळ्या होतात. कुरडईचा चीक "चकाकला" म्हणतात तोच हा क्षण. स्टीलच्या ताटात ओतून गच्चीवर उन्हात ठेवलं.

चार तासांनी बघितलं तर बाभूळबनातल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा. तुकडे काचेसारखे, बोटाने दाबले की मोडत होते.

यात चूक कमी आणि शिकण्यासारखं जास्त आहे. स्टार्चच्या साखळ्यांवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. पाणी गेलं की शेजारच्या साखळ्या याच गटांनी एकमेकींना घट्ट धरतात. हलायला जागा उरली नाही की ताण आला की मोडणं एवढंच त्यांच्या हातात असतं. मध्ये कुणीतरी बसायला हवं, जे पाण्यासारखं उडून जाणार नाही. ते ग्लिसरीन.

3 ते 6 जून

ग्लिसरीन मेडिकलमधून 100 मिली 70 रुपयांना आणलं, ते दोन दिवसांत संपलं. मग जळगावच्या केमिकलच्या दुकानातून 1 लिटर 320 रुपयांना. आधीच तिथे जायला हवं होतं.

10 ग्रॅम स्टार्चला 1 ग्रॅम: वाकते पण घडी घातली की तडकते. 2 ग्रॅम: बरी. 3 ग्रॅम: चांगली, चामड्यासारखी वळते. 5 ग्रॅम: घाम फुटल्यासारखी ओलसर, दोन तुकडे एकमेकांना चिकटून सुटेनात. पुढचं सगळं काम 3 ग्रॅमवर केलं. ग्लिसरीन साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांची आपसातली पकड सैल करतं, साखळी मात्र तोडत नाही. आपल्या भागातल्या पीव्हीसीच्या कारखान्यांतही कडक पाइप आणि लवचिक नळी यांच्यातला फरक याच तत्त्वावर असतो. मऊ नळीत मऊपणा आणणारं द्रव्य मिसळलेलं असतं.

ढवळायला एक मिनिट उशीर झाला की गुठळ्या होतात, आणि एकदा झालेली गुठळी मोडत नाही. स्टार्च गार पाण्यातच कालवायचं, मग विस्तवावर ठेवायचं.

8 जून

शेजारच्या दोन विद्यार्थिनी सुट्टीत मदतीला येतात. आज एकीने विचारलं, "मॅडम, साखरेतही ग्लुकोज असतंच ना? मग साखरेची फिल्म का नाही होत?"

इतका नेमका प्रश्न वर्गात मला कधी आला नव्हता. साखरेच्या रेणूत दोनच मणी आहेत, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा. स्टार्चच्या साखळीत ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी ओवलेले असतात. लांबी आली की साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि गुंता झाला तरच पापुद्रा तयार होतो. साखरेचे रेणू रांगेत बसून खडे होतात.

तिला हेही सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना अशा लांब साखळ्या असतात हेच पटत नव्हतं. रबर, स्टार्च, कापूस हे छोट्या रेणूंचे नुसते पुंजके आहेत असं ते मानत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडलं की हे मणी साध्या रासायनिक बंधांनीच जोडलेले लांबलचक रेणू आहेत. त्यांना नोबेल मिळालं ते 1953 मध्ये.

मग तिघींनी मिळून एक चाचणी केली. शिजवताना 5 मिली व्हिनेगर घातलं आणि एका पातेल्यात घातलं नाही. बिनव्हिनेगरचं खळ इतकं जाड झालं की ताटात पसरेना. व्हिनेगरचं सरळ वाहिलं. स्टार्चमध्ये अमायलोज सरळ साखळीचं आणि अमायलोपेक्टिन फांद्यांचं, आणि फांद्यांचा हिस्सा बराच जास्त, तीन-चतुर्थांशाच्या आसपास. आंबट पाण्यात उकळलं की साखळ्या आणि फांद्या काही ठिकाणी तुटतात, म्हणून खळ पातळ होतं. दुसऱ्या दिवशी तेच मिश्रण मी वीस मिनिटं उकळत ठेवलं, तर फिल्म ठिसूळ निघाली. जास्त तोडलं की गुंताच जातो. आता 5 मिली, आणि उकळी आल्यापासून चार मिनिटं. घड्याळ लावून.

11 जून

ताटातून फिल्म निघत नाही. गेल्या आठवड्यात नऊपैकी पाच फाटल्या. ताटाला तेल लावलं तर खळ थेंबाथेंबांनी गोळा झालं.

पुन्हा सासूबाईंचा उपाय. आमच्याकडे बिबडे (ज्वारीचे पापड) ओल्या धोतरावर थापतात आणि वाळले की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडतात, की बिबडा अलगद सुटतो. तसंच केलं. मलमलचं कापड (2 मीटर, 120 रुपये) लाकडी चौकटीवर ताणून बसवलं, ओलं केलं, त्यावर खळ ओतलं आणि रुंद उलथन्याने सारखं केलं. सुकल्यावर मागून ओला हात फिरवला. फिल्म एका कोपऱ्यातून सोडवायला घेतली आणि पूर्ण निघाली, हलका "स्स" आवाज करत. तिच्यावर मलमलचे ताणेबाणे उमटले होते, उजेडासमोर धरली तर प्रत्येक धागा मोजता यावा इतके.

वाळवणं सावलीतच, वरून पातळ कापड घालून, दीड ते दोन दिवस. उन्हात वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, खालचं पाणी अडकतं आणि कडा वर वळतात.

14 जून

पडलेले खांब बांधावर कुजतायत. त्यातला एक चिरून सोपटं काढली आणि बोथट सुरीने फळीवर खरवडली. अर्ध्या तासात मूठभर चकाकणारा धागा. हा बहुतांशी सेल्युलोज. मणी तेच, ग्लुकोजचेच, फक्त जोडणी वेगळी. स्टार्चची साखळी वळत वळत जिन्यासारखी फिरते, सेल्युलोजची सरळ पडते. सरळ साखळ्या एकीला एक खेटून बसतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. एकाच झाडाच्या घडातला पॉलिमर आपण शिजवून खातो आणि खांबातल्याची दोरी वळतो.

धागा एक सेंटिमीटर लांबीचा कापून 10 ग्रॅम स्टार्चला अर्धा ग्रॅम टाकला. पहिल्यांदा तीन सेंटिमीटरचा टाकला होता, त्याचे खळात गोळे झाले.

ताकद मोजायला 2 सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून तिला तांब्या टांगला आणि हळूहळू पाणी ओतलं. साधी फिल्म तांब्यासकट 1 किलो 800 ग्रॅमला तुटली. धाग्याची 2 किलो 700 ग्रॅमला. काळ्या पॉलिथिनची पट्टी त्याहून कितीतरी पातळ होती, ती सव्वा किलोलाच गेली, पण तुटण्याआधी मधेच बारीक होऊन दुपटीहून लांब झाली. विद्यार्थिनींना ते ताणणं हाताने पुन्हा पुन्हा करून बघायचं होतं. गुंतलेल्या साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात तेव्हा असं होतं. आमची फिल्म इतकी ताणत नाही, आणि पुढेही ताणणार नाही.

17 जून

पिशवीची शिवण. दिरांकडे पिशव्या चिकटवायचं गरम पट्टीचं यंत्र आहे. त्यात आमची फिल्म धरली तर कडा तपकिरी झाली आणि करपलेल्या भाकरीचा वास आला. दोन फिल्म फुकट.

पॉलिथिनच्या साखळ्यांमध्ये ओढ कमी असते, म्हणून उष्णतेने त्या सुट्या होऊन वितळतात आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतात. कोरड्या स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की त्या सुटायच्या आधीच जळतात. स्टार्चला मऊ करायचं तर पाणीच लागतं. कडेला ओलं बोट फिरवून, दुमडून, जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबलं. शिवण फिल्मइतकीच पक्की झाली. खर्च शून्य.

20 ते 24 जून

पाऊस सुरू झाला. सहा पिशव्यांत माती-शेणखत भरून गिलक्याचं (घोसाळ्याचं) बी लावलं आणि रोज एकदा पाणी. तिसऱ्या दिवशी बूड लिबलिबीत. चौथ्या दिवशी उचलायला गेले तर हातात माती आणि जमिनीवर बूड. सहाही गेल्या.

यावर खूप वाईट वाटलं. तीन आठवड्यांचं काम होतं.

27 जून

पाण्यापासून वाचवायला वर काहीतरी थर हवा. मेणाचा विचार केला, पण वाकवलं की मेण तडकतं. हार्डवेअरमधून बेलतेल आणलं, अर्धा लिटर 140 रुपये. सुतार दारांना लावतात ते, मूळचं अळशीचंच तेल. अळशीच्या तेलातले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचं जाळं होतं, पातळ तेलाचा कडक पापुद्रा. म्हणजे पॉलिमर आपल्या डोळ्यांसमोर हवेत तयार होतो.

थर छान वाळला. मग डब्यावरचं वाचलं आणि विचारपूस केली. बाजारी बेलतेल लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळतात. ज्या मातीत भाजी लावायची तिथे ते नको. सगळा डबा दाराला लावण्यासाठी बाजूला ठेवला आणि घाण्यावरून साधं अळशीचं तेल आणलं, 1 लिटर 260 रुपये. ते आधी लावायला हवं होतं.

एक गोष्ट ठळक लिहिते. तेल पुसलेली फडकी मी कोपऱ्यात गोळा करून ठेवली होती. तासाभराने हात लावला तर गोळा आतून गरम लागला. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, आणि गोळ्यात ती अडकली तर फडकं आपोआप पेटतं. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली. कुणीही हे करताना फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात टाकावीत, पोत्याजवळ किंवा कडब्याजवळ अजिबात ठेवू नयेत.

9 जुलै

साध्या तेलाचा थर या दमट हवेत सुकायला अकरा दिवस लागले. मध्ये दोन दिवस ऊन पडलं तेव्हाच खरं काम झालं. हे सगळं मे महिन्यात उरकलं असतं तर तीन-चार दिवसांत झालं असतं.

शिवाय कपाटातल्या बिनतेलाच्या 14 फिल्मवर हिरवट बुरशीचे ठिपके आले. जूनच्या सुरुवातीला जी फिल्म चामड्यासारखी होती ती आता ओल्या पापडासारखी लोंबते. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणीही साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतं. एकच फिल्म कोरड्या हवेत कडक आणि आषाढात लोळागोळा. आता सगळ्या फिल्म पत्र्याच्या डब्यात, तळाला भाजलेल्या मिठाची पुरचुंडी घालून ठेवल्या आहेत.

11 ते 28 जुलै

तेल लावलेल्या, धागा घातलेल्या 20 पिशव्या. दहांत गिलकं, पाचांत काकडी, पाचांत पपई. पाणी वरून ओतायचं नाही, फवारायचं.

बाराव्या दिवशी बूड मऊ लागायला लागलं. चौदाव्या दिवशी गिलक्याला दोन खरी पानं आली, तेव्हा ती दहाही पिशवीसकट वाफ्यात लावली. काकडीची चार लागली, एका पिशवीची शिवण उघडली. पपईला रोप तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. सोळाव्या-सतराव्या दिवशी पपईच्या पाचही पिशव्या फाटल्या आणि रोपं काळ्या पिशवीत हलवावी लागली. पपईसाठी ही पिशवी आजच्या रूपात उपयोगाची नाही. दिरांना तसं स्पष्ट सांगितलं.

2 ऑगस्ट

हिशोब. ग्लिसरीन 390, वजनकाटा 450, व्हिनेगर 90, लिंबूसत्त्व 40, आयोडीन 30, बेलतेल 140, अळशीचं तेल 260, मलमल 120, गॅस अंदाजे 430. एकूण 1,950 रुपये. केळी घरची. केलेल्या पिशव्या 64, कामाला आलेल्या 34.

चुका वगळून एका पिशवीला माल आणि गॅस मिळून अडीच रुपये पडतात, मजुरी धरलेली नाही. काळी पिशवी दिरांना पंचवीस पैशांना पडते. रोपवाटिकेला हे आज परवडणार नाही. घरच्या वाफ्यासाठी दहा-वीस वेलांची रोपं करायची, घरात वाळवणाची चौकट आणि पडलेली केळी आहेत, त्यांना करता येईल.

17 ऑगस्ट

गिलक्याचे तीन वेल मुद्दाम मोकळे करून पाहिले, लागवडीला साडेतीन आठवडे झाले. पहिल्या खड्ड्यात पिशवीची निशाणी नाही. दुसऱ्यात केळीच्या धाग्याचा एक विरळ झुपका, त्यातून पांढरी मुळं आरपार गेलेली. तिसऱ्यात शिवणीचा एक बोटभर तुकडा मिळाला, तेल जिथे दोनदा लागलं होतं तिथला. पिवळट, पातळ, पण हाताने ओढला तर अजून तग धरत होता. तेलाचा थर एकदाच आणि पातळच द्यायचा, हे पुढच्या खेपेच्या कागदावर लिहून ठेवलं. दीर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी मे महिन्यातच तेल लावून डब्यात भरून ठेवू, काकडीच्या दोनशे मला द्या." डब्यात 410 ग्रॅम स्टार्च शिल्लक आहे. दोनशे पिशव्यांना 2 किलो लागेल, म्हणजे निवडलेली, कडक हिरवी साधारण 25 किलो केळी आणखी.